आपली पत आणि क्रेडिट कार्ड
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यवाहांनी व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही संत नामदेवमहाराजांच्या चरित्रावर अथवा मुलांच्या अभ्यासावर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. जन्मभर खडू हाती धरलेल्या माणसाकडून लोक तेवढीच अपेक्षा करतात, आणि ती गैर नाही. परंतु अलीकडे वधूवर मेळाव्यात, बारशाच्या पंगतीत, फार काय, दुखवट्याला गेलो असतानाही एक शब्द आमच्या कानी वारंवार पडू लागला आहे. तो शब्द म्हणजे 'सिबिल'. अमक्याचे सिबिल बिघडले म्हणून घराचे कर्ज अडले, तमक्याच्या मुलीचे शैक्षणिक कर्ज वडिलांच्या सिबिलापायी रखडले, असे लोक बोलतात. आणि एखाद्या दुर्धर दुखण्याविषयी बोलावे तसे हलक्या आवाजात बोलतात. म्हणून हा रूक्ष विषय आम्ही हौसेने मागून घेतला.

पत हा शब्द आपणांस कोणी शिकवावयास नको. आपल्या समाजात शिवणकामाच्या जोडीने कापडाचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. लग्नसराईत आसपासच्या खेड्यांतील कुटुंबे बस्ता बांधावयास दुकानी येत आणि पुष्कळसा माल सुगीच्या बोलीवर उधार जाई. दुकानदार वहीत नाव मांडून घेई खरा, पण माल द्यावा की न द्यावा हे तो वही पाहून ठरवीत नसे. माणूस पाहून ठरवी. ह्याचा बाप कसा होता, मागच्या दुष्काळात ह्याने बाकी बुडवली की दोन वर्षांनी का होईना आणून दिली, हे सारे त्याच्या ध्यानात असे. ह्या पद्धतीचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तिचा दोषही दिसतो. ओळख असेल त्याला उधारी मिळे. परगावचा, निराळ्या आळीतला, नाव नसलेला मनुष्य कितीही सचोटीचा असला तरी त्यास रोख मोजावे लागे. आज बँका ज्या अहवालावरून पत जोखतात, त्यात जातीचा आणि घराण्याचा रकाना नाही. आमच्या मते हे चांगलेच झाले. मात्र त्याबरोबर घराण्याची पुण्याईही उपयोगी पडेनाशी झाली, हे आपल्यापैकी अनेकांच्या अद्यापि लक्षात आलेले दिसत नाही.

क्रेडिट कार्डाचा उगम अमेरिकेतला. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये 'डायनर्स क्लब' ही संस्था निघाली. तिचे पुठ्ठ्याचे कार्ड दाखविले की ठराविक उपाहारगृहांत जेवून पैसे मागाहून देता येत. पुढे १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी सुमारे ६०,००० कार्डे, कोणी मागितली नसता, टपालाने घरोघर धाडली. कर्ज दारात आणून देण्याची रीत अशी जुनी आहे. आपल्याकडे १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने कार्ड काढले, आणि २०२४ सालच्या प्रारंभी देशातील कार्डांची संख्या १० कोटींच्या वर गेली. न मागता कार्ड धाडण्यास रिझर्व्ह बँकेची आता मनाई आहे. तथापि दूरध्वनीवरून 'सर, आपल्यासाठी मर्यादा मंजूर झाली आहे' असे मधुर स्वरात सांगण्यास मनाई नाही. जणू आपणांस बक्षीसच मिळाले!

कार्ड ही वस्तू मुळात वाईट नव्हे. आम्ही स्वतः ते वापरतो, आणि रात्री-अपरात्री रुग्णालयात अनामत रक्कम भरावयाची वेळ आली तेव्हा त्याचा उपयोगही अनुभवला आहे. त्याचा नियम मात्र नीट समजून घेतला पाहिजे. समजा, आपले बिल दरमहा १० तारखेस निघते आणि ते ३० तारखेपर्यंत भरावयाचे आहे. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ११ तारखेस घेतलेल्या वस्तूचे पैसे पुढील महिन्याच्या ३० तारखेस द्यावयाचे; म्हणजे सुमारे ५० दिवस दुसऱ्याचा पैसा बिनव्याजी वापरावयास मिळाला. ही सवलत एकाच अटीवर आहे. संपूर्ण बिल मुदतीच्या आत चुकते झाले पाहिजे. ही अट मोडली की व्याज लागते, आणि ते मुदत संपल्यापासून नव्हे, तर वस्तू खरेदी केली त्या तारखेपासून. एवढेच नव्हे, तर मागील बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. यंत्रातून कार्डावर रोख रक्कम काढली तर तिला ही सवलत मुळीच नाही; त्याच दिवसापासून व्याज सुरू होते, शिवाय शुल्क निराळे.

आता फळ्यावर एक हिशेब मांडू. सवयीचा परिणाम, दुसरे काय!

बिल आहे ५०,००० रुपयांचे. लग्नाचा बस्ता म्हणा. बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात. एक एकूण देय आणि दुसरी किमान देय. किमान रक्कम काढण्याची पद्धत बँकाबँकांत थोडी वेगळी असते. आपण ती बिलाच्या शेकडा ५ धरू, म्हणजे २,५०० रुपये. गृहस्थ तेवढे भरतो आणि ह्या महिन्याचे झाले म्हणून निश्चिंत होतो. उरले ४७,५०० रुपये. व्याज दरमहा शेकडा साडेतीन धरू; पुष्कळ कार्डांचा दर ह्याच सुमारास असतो. त्याचे झाले १,६६२ रुपये ५० पैसे. त्या व्याजावर वस्तू व सेवा कर शेकडा १८, तो २९९ रुपये २५ पैसे. खरेदीच्या तारखेपासूनचे जादा व्याज सोडून दिले तरी पुढील बिल येते ४९,४६१ रुपये ७५ पैशांचे. अडीच हजार दिले, आणि कर्ज साडेपाचशेसुद्धा उतरले नाही. हाच क्रम, कार्डावर एक रुमालदेखील न घेता, वर्षभर चालविला, तर बारा महिन्यांत सुमारे २८,३०० रुपये भरून होतात आणि तरीही कर्ज उरते सुमारे ४३,९०० रुपये. बावीस हजारांवर रक्कम व्याज आणि कर ह्यांत गेली. साड्या तितक्याच.

दरमहा साडेतीन म्हणजे दरसाल ४२. आम्ही वर्गात सरळव्याजाची उदाहरणे घालीत असू, तेव्हा दर साधारणतः ८ किंवा १० धरीत असू. ४२ चे उदाहरण घातले असते तर पुस्तकात छापण्याची चूक झाली, असे मुलांनी सांगितले असते. केवळ किमान रक्कम भरीत राहिल्यास कर्ज महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल, अशी सूचना बिलावर छापावी असा रिझर्व्ह बँकेने २०२२ साली निर्देश दिला. ती छापलेली असते. ती वाचणारे फार थोडे.

ह्यात एक फसवी गोष्ट आहे, ती सांगितली पाहिजे. किमान रक्कम वेळेवर भरली तर खाते थकल्याची नोंद होत नाही. त्यामुळे मनुष्यास वाटते की आपले सिबिल शाबूत आहे, मग चिंता कसली? पत राहते आणि पैसा झिरपत जातो. मग एखाद्या महिन्यात ती किमान रक्कमही भरवत नाही, आणि पतही जाते.

वडीलधाऱ्यांपैकी काहींची अशी श्रद्धा आहे की, दामदुपटीच्या पलीकडे कोणी मागू शकत नाही. जुन्या धर्मशास्त्रात तसा नियम होता खरा. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. परंतु त्यावर विसंबून कार्डाचे बिल थकवू नये. सावकारी नियंत्रित करणाऱ्या आपल्या राज्याच्या कायद्यातूनही बँका वगळलेल्या आहेत. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने, कार्डाच्या थकबाकीवर दरसाल शेकडा ३० हून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय दिला होता. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा मर्यादा घालावयाची ती आपण आपल्या हाताने.

ज्यांचे बिल आधीच तुंबले आहे, त्यांनी प्रथम ते कार्ड कपाटात ठेवावे. मुदतठेवीवर किंवा सोन्यावर कमी व्याजाचे कर्ज मिळत असेल तर ते काढून कार्डाची बाकी फेडावी. दागिना मोडण्याची लाज वाटते, म्हणून बेचाळीस टक्क्यांचे व्याज भरीत बसणे हा शहाणपणा नव्हे. वसुलीचा मनुष्य 'एवढे भरा, बाकी सोडून देतो' असे सांगतो, तेव्हा ते ऐकावयास गोड लागते. पण अहवालात त्या खात्यापुढे 'पूर्ण फेड' असे न येता 'तडजोड' असा शेरा पडतो, आणि पुढे कर्ज देणारी प्रत्येक बँक तो वाचते.

आता त्या अहवालाकडे वळू. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली, आणि पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी २००५ साली स्वतंत्र कायदा झाला. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा आणखी तीन संस्था हेच काम करतात. परंतु सर्व वनस्पती तुपाला जसे आपण डालडा म्हणत असू, तसे ह्या सर्वांस लोक सिबिलच म्हणतात. आपण कोणत्या बँकेचे किती देणे लागतो आणि ते वेळच्या वेळी देतो की नाही, ह्याची माहिती बँका ह्या संस्थांस कळवितात. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्यातून एकदा कळवावी, असा नियम झाला. त्यावरून ३०० ते ९०० ह्यांमधला एक आकडा निघतो. सामान्यतः ७५० च्या वर असला तर बँका तो चांगला मानतात.

ह्या आकड्यावर सर्वांत मोठा परिणाम वेळेवर फेड करण्याचा होतो. त्याखालोखाल, मिळालेल्या मर्यादेपैकी आपण किती वापरतो ह्याचा. लाखाची मर्यादा असताना दरमहा नव्वद हजार वापरणारा मनुष्य, सर्व बिल भरीत असला तरी, ओढगस्तीचा दिसतो. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहावे, असा जाणत्यांचा सल्ला आहे. महिन्यात पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकणे हेही गरजूपणाचे लक्षण समजले जाते. पगार मोठा म्हणून हा आकडा मोठा होत नाही, आणि आपला अहवाल आपणच पाहिल्याने तो उतरत नाही. हे दोन्ही गैरसमज आपल्या मंडळींत फार पसरले आहेत.

आमचा एक जुना विद्यार्थी, चांगल्या नोकरीतला, दुसऱ्या शहरी बदलून गेला. पूर्वी घेतलेले एक कार्ड त्याने वापरणे सोडले, पण बंद केले नाही. त्यावर वार्षिक शुल्काचे काहीशे रुपये चढले. त्यांवर विलंबाचा आकार, त्यावर व्याज. बिले जुन्या पत्त्यावर जात राहिली. घराचा सौदा ठरून बयाणा दिल्यानंतर बँकेने अहवाल काढला, तेव्हा हे उघडकीस आले. त्याच्या वडिलांनी आयुष्यात कोणाचा पैसा बुडविला नव्हता, हे तो त्या अधिकाऱ्यास सांगत बसला. अधिकारी सभ्य होता; त्याने ऐकून घेतले. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळून टाकली, हे आपण इतिहासात वाचतो. ही वही तशी कोणाच्या दुकानात नाही.

ह्यापेक्षाही आमच्या मनास अधिक लागणारी गोष्ट जामीनकीची आहे. आपला समाज नातेसंबंधांनी विणलेला आहे. मेहुण्याने दुकानासाठी कर्ज काढले, 'दाजी, फक्त एक सही पाहिजे' म्हणून तो दारात उभा राहिला, तर नाही कसे म्हणावे? बहिणीचे माहेर तुटावयाचे! म्हणून सही होते. ती सही म्हणजे काय, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमात दिले आहे. करारात निराळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. प्रथम कर्जदाराकडे जा, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याची सोय सहसा राहत नाही. ते कर्ज जामीनदाराच्या पत-अहवालातही दिसते, आणि हप्ते थकले तर तेही दिसते.

आमच्या माहितीतील एका ज्ञातिबांधवाचा मुलगा अभियांत्रिकीला लागला. वडील निर्व्यसनी, स्वतःचे एक पैचे कर्ज नाही. शैक्षणिक कर्जास त्यांची सही सहकर्जदार म्हणून लागली, आणि बँकेने नकार दिला. कारण सहा वर्षांपूर्वी ते एका आप्तास जामीन राहिले होते व ते कर्ज बुडीत झाले होते. त्या आप्ताने त्यांस एका शब्दाने कळविले नव्हते. शेवटी मुलाच्या मामाने पुढे होऊन सही केली आणि शिक्षण चालू झाले. पण त्या दोन घरांचे जाणे-येणे आज बंद आहे. एकाच मांडवात दोघे पाठ फिरवून जेवतात, हे आम्ही पाहिले आहे. नकार देऊन संबंध तुटतो म्हणून सही करावी, आणि सहीमुळेच तो अधिक कडवटपणाने तुटावा, असा हा प्रकार आहे. आमचे मत स्पष्ट आहे. आप्ताला मदत करावयाची असेल तर झेपेल तेवढी रक्कम हातात द्यावी व ती परत येईल ही आशा ठेवू नये. जामीन राहावयाचेच असेल, तर दर तिमाहीला कर्जखात्याचा उतारा मागून पाहावा. त्यात अविश्वास कसला? कापड बेतताना आपण माप दोनदा घेतो, ते गिऱ्हाइकावरील अविश्वासाने नव्हे.

दुसऱ्यास आपले कार्ड वापरू देणे हा जामीनकीचाच धाकटा भाऊ होय. दिवाळीत एका कार्डावर सूट असते, म्हणून मित्राचा फ्रीज, चुलतभावाचा मोबाईल आपल्या कार्डावर घेतला जातो. हप्ता मित्राचा, नाव आपले. तरुणांनी हे लक्षात ठेवावे.

भगिनींना दोन शब्द निराळे सांगावयाचे आहेत. आपल्यापैकी कितीतरी जणी घरी शिवणयंत्र चालवून ब्लाउज, गणवेश, परकर शिवतात आणि त्यावर मुलांच्या शाळेचे शुल्क भागते. परंतु त्यांच्या नावाने कोठे एक ओळ लिहिलेली नाही. पतीच्या कार्डाचे पुरवणी कार्ड त्यांच्यापाशी असते, पण त्याचा व्यवहार मुख्य कार्डधारकाच्या नावावर मांडला जातो. पती हयात असेतोवर हे जाणवत नाही. पुढे दुकान स्वतःच्या नावाने वाढवावयाचे झाले की बँक विचारते, तुमचा पूर्वीचा व्यवहार दाखवा. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्यास केवळ पूर्वीची नोंद नाही ह्या कारणास्तव नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांस सांगितले आहे. तथापि नोंद असणे केव्हाही बरे. आपल्या नावाची लहानशी मुदतठेव ठेवून तिच्या आधारावर कार्ड देणाऱ्या बँका आहेत. मिळकतीचा दाखला नसला तरी असे कार्ड बहुधा मिळते. त्यावर महिन्याचा दोरा, अस्तर, बटणे घ्यावीत आणि बिल पुरतेपणी भरावे. वर्ष-दोन वर्षांत स्वतःच्या नावाचे पान तयार होते. नोकरीला लागलेल्या मुलामुलींनाही हाच मार्ग सोपा आहे. बिलाची रक्कम बँकेतून आपोआप वळती करण्याची सोय घेताना 'किमान' ह्या शब्दापुढे खूण न करता 'संपूर्ण' ह्या शब्दापुढे करावी, एवढे पाहावे.

काही हक्कही ठाऊक असावेत. वर नमूद केलेल्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. २०१७ सालापासून तशी तरतूद आहे. अहवालात चूक आढळली आणि तक्रार करूनही ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर दरदिवशी १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २०२३ साली झाला. बाकी नसलेले कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यावर बँकेने ते कामाच्या सात दिवसांत बंद केले पाहिजे, न केल्यास दरदिवशी ५०० रुपये दंड, असे २०२२ च्या निर्देशांत होते. हे अर्ज तोंडी करू नयेत. लेखी करावेत व पोच ठेवावी. आणि बँकेचा मनुष्य म्हणवून कोणी दूरध्वनीवर ओटीपी मागितला, तर तो बँकेचा नव्हे, एवढे घरातल्या आजीलाही पढवून ठेवावे.

दुपारच्या भोजनानंतर वरच्या मजल्यावरील वाचनालयात आपल्या तरुण मंडळाचे चार सभासद संगणक घेऊन बसणार आहेत. ज्यांना आपला अहवाल काढून पाहावयाचा असेल त्यांनी पॅनकार्ड आणि ज्या क्रमांकावर बँकेचे निरोप येतात तो मोबाईल सोबत आणावा. आकडे व ओटीपी ज्याचे त्याने स्वतः घालावेत. मुले केवळ कोठे काय लिहावे ते दाखवतील. अहवाल कोणाचाही कोणाला दाखविला जाणार नाही. जामीन म्हणून पूर्वी सही केली असेल तर ते कर्जही त्यात पाहून घ्यावे. आम्ही पाच वाजेपर्यंत तेथेच आहोत.